कागदावरच्या रुग्णाची नाडी

इताची उचिहाला नेमका कोणता आजार होता? जपानी चित्रकथा वाचणाऱ्या पोरांच्या घोळक्यात हा प्रश्न टाकून पाहा. निदान तीन उत्तरं मिळतील आणि चौथा जण पहिल्या तिघांना वेड्यात काढेल. मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ ही चित्रकथा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात क्रमशः येत होती. इताची हा काही तिचा नायक नव्हे, पण चाहत्यांनी त्याला नायकाच्याही वरच्या पाटावर बसवलं आहे. आपल्या सगळ्या कुळाची कत्तल करून धाकट्या भावाला, सासुकेला तेवढं जिवंत सोडणारा हा माणूस त्याच भावाशी शेवटची झुंज देताना खोकतो आणि तोंडातून रक्त येतं. तो मरतो. मग कळतं की तो बराच काळ आजारी होता, औषधांवर दिवस ढकलत होता, आणि मरण यावं तर भावाच्याच हातून यावं एवढ्यासाठी त्याने ते थोपवून धरलं होतं. आजार कोणता, हे किशिमोतो सातशे प्रकरणांत एकदाही सांगत नाहीत.

मग चाहते बाह्या सरसावतात. क्षय म्हणावा, तर त्याचा जोडीदार किसामे इतका काळ त्याच्या सोबत हिंडून ठणठणीत कसा राहिला? शरीर स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटतं अशा आजारांपैकी एखादा असेल, तर मूत्रपिंडांवर परिणाम का दिसत नाही? की त्याच्या डोळ्यांत जी विद्या होती तिचीच ही किंमत? पण ती विद्या तर दृष्टी खाते, फुफ्फुसं नव्हे. एकेक चौकट पुन्हा उलगडली जाते. कुठे दम लागलेला दिसतो, कुठे डोळ्यांखालच्या रेघा जास्त खोल झाल्या आहेत, याची नोंद होते. हे सगळं पाहून शहाणीसुरती माणसं हसतात आणि म्हणतात, अरे, शाईने काढलेल्या माणसाला कुठली आली फुफ्फुसं!

हे बोलणं शहाणपणाचं वाटतं, पण आहे आळशी. दुर्योधनाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कर्णाच्या मनात काय चाललं होतं, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले आहेत. शिवाजी सावंतांनी १९६७ साली त्यावर एक अख्खी जाडजूड कादंबरी दिली आणि मराठी घरांनी ती डोक्यावर घेतली. ग्रंथातल्या माणसाला मन कुठून आलं, असं तेव्हा कोणी विचारलं नाही. मन जर ओळींमधून काढता येत असेल, तर फुफ्फुसंही काढता यावीत. शरीराच्या खुणा तर मनाच्या खुणांपेक्षा ढळढळीत असतात. म्हणून माझं म्हणणं असं, की कल्पित रुग्णाचं निदान करण्याचा वाचकाला पुरता हक्क आहे. लेखकाला आहे तितका, कधी त्याहून जास्त. मात्र हा हक्क ज्या कारणाने मिळतो, त्याच कारणाने तो जिवंत माणसाच्या उंबरठ्यावर संपतो. अडचण अशी की चाहत्यांना हक्काची सवय लागते, कारणाची आठवण राहत नाही.

आधी त्या खोकल्याविषयी. किशिमोतोंना नाव सांगण्याची गरज पडली नाही, कारण जपानी वाचकाला तो खोकला घरचाच होता. शिन्सेनगुमी या क्योतोतल्या समशेरबहाद्दरांच्या पथकातला ओकिता सोजी १८६८ साली क्षयाने गेला, ऐन पंचविशीच्या आसपास. १८६४ साली इकेदाया नावाच्या सरायीवर या पथकाने छापा घातला, त्या धुमश्चक्रीत तो कोसळला असं सांगतात. त्या वेळी त्याच्या तोंडातून रक्त आलं हे चित्र मात्र विसाव्या शतकातल्या लेखकांनी आणि पुढे पडद्याने पक्कं केलेलं. इतका पुढे गेलेला क्षय घेऊन माणूस पुढची काही वर्षं तलवार चालवेल कसा, ही इतिहासकारांची शंका रास्त आहे. पण चित्र इतकं देखणं की शंकेचं कोण ऐकतो! हायकूला नवं वळण देणाऱ्या मासाओका शिकीने १८८९ साली रक्ताची उलटी झाल्यावर कोकिळेच्या कुळातल्या एका पाखराचं नाव स्वतःला घेतलं. ते पाखरू गाता गाता रक्त ओकतं अशी समजूत होती. १९०२ साली शिकी गेला तेव्हा त्याला पस्तिशीही लागली नव्हती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्षय हे जपानमधल्या मृत्यूंचं सगळ्यांत मोठं कारण होतं. जवळजवळ प्रत्येक घराच्या ओळखीत कोणी ना कोणी असा खोकत गेलेला होता.

या वारशामुळे जपानी कथेत हातरुमालावरचा लाल डाग एक ठरलेला अर्थ सांगतो: हा तरुण आहे, गुणी आहे आणि याच्याकडे वेळ कमी आहे. त्याला आजार म्हणण्यापेक्षा मुदत म्हणणं बरोबर. इताचीचा खोकला हा असा मुदतीचा खोकला आहे. झुंज आजच व्हायला हवी, पुढच्या वर्षी नको, एवढंच तो सांगतो. तेव्हा त्या खोकल्यात जंतू शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही, हे मी कबूल करतो. पण सगळेच कल्पित आजार असे सोयीचे नसतात, आणि हसणाऱ्या शहाण्यांना हा फरक दिसत नाही.

हप्त्याहप्त्याने येणाऱ्या गोष्टीतल्या आजाराचा पुरता इतिहास लिहायचा तर डिकन्सपासून सुरुवात करावी लागेल. त्याच्या ‘ब्लीक हाउस’चे मासिक भाग १८५२-५३ मध्ये निघाले. त्यातल्या एस्थर समरसनला एका रस्त्यावरच्या पोराकडून घरात आलेल्या तापाची लागण होते, काही दिवस तिची दृष्टी जाते, ती वाचते, पण चेहरा पार बदलून जातो. आजाराचं नाव डिकन्स घेत नाही. बहुतेकांनी देवी धरल्या, तरी अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही. त्याच पुस्तकात क्रूक नावाचा एक दारुडा भंगारवाला बसल्याजागी आपोआप पेटून खाक होतो. यावर जॉर्ज हेन्री लुइस या टीकाकाराने पुढचे भाग यायचे असतानाच जाहीर हरकत घेतली: शरीर असं पेटत नाही, कादंबरीकाराने लोकांच्या अडाणीपणाला खतपाणी घालू नये. डिकन्स चिडला. पुढच्या भागात त्याने टोमणे मारले आणि पुस्तक निघालं तेव्हा प्रस्तावनेत जुन्या नोंदींचे दाखले देऊन तो आपल्या म्हणण्यावर अडून बसला.

विज्ञान अर्थातच लुइसच्या बाजूने होतं. पण मला या भांडणातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. क्रूकच्या बाबतीत डिकन्सकडे नाव होतं, कारण होतं, दाखले होते, आणि तो साफ चुकला. एस्थरच्या बाबतीत त्याच्याकडे नावही नव्हतं, होतं फक्त पाहिलेलं: आजारीपणात लांबत जाणारा काळ, आरसे कोणीतरी आधीच काढून ठेवलेली खोली. तिथे तो आजही खरा वाटतो. म्हणजे लेखकाला आजार ठाऊक असणं आणि आजार खरा उतरणं यांचा फारसा संबंध नाही.

याचा सगळ्यांत मजेदार पुरावा त्याच्याच ‘पिकविक पेपर्स’मध्ये आहे, तेही १८३६-३७ साली भागाभागाने निघालेलं पुस्तक. त्यात जो नावाचा एक लठ्ठ नोकरपोऱ्या आहे. तो वाढता वाढता झोपतो, दार ठोठावता ठोठावता झोपतो. वाचक खदखदून हसले. पुढे १९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका लठ्ठ व्यावसायिकाची केस छापली. हे गृहस्थ पत्त्यांच्या साप्ताहिक बैठकीत, हातात तीन एक्के आणि दोन बादशहा असताना, पान न टाकता झोपी गेले होते! अतिलठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस दिवसाढवळ्या पेंगतो. या विकाराला त्या डॉक्टरांनी पिकविकचं नाव दिलं. डिकन्सने कोणतं निदान केलं नव्हतं. त्याने असा पोरगा कुठेतरी पाहिला असावा आणि जसाच्या तसा उतरवला असावा. एकशेवीस वर्षांनी वाचकांनी, तेही डॉक्टर असलेल्या वाचकांनी, त्याची नाडी धरली.

डॉक्टरमंडळी या खेळात चाहत्यांइतकीच रमतात. १८४३च्या ‘ख्रिसमस कॅरल’मधला कुबडी घेऊन चालणारा टायनी टिम घ्या. १९९२ साली एका बालरोगतज्ज्ञाने मूत्रपिंडातल्या आम्लदोषाचा तर्क मांडला. २०१२ साली दुसऱ्याने लंडनच्या धुराने झाकोळलेल्या उन्हाकडे बोट दाखवून मुडदूस आणि क्षय असं जोडनिदान दिलं. दोघांच्या तर्काचा कणा एकच आहे, आणि तो कथेतून आलेला आहे: हा आजार असा हवा, की उपचार झाले नाहीत तर मूल दगावेल, पण कंजूष स्क्रूजने पैसा सोडला तर त्या काळातही ते वाचेल. कथानकाची अटच इथे लक्षण म्हणून वापरली आहे. आता इताचीच्या चाहत्यांचा युक्तिवाद आठवा, की किसामेला लागण झाली नाही म्हणजे आजार संसर्गजन्य नसावा. पद्धत तीच. फरक एवढाच की एकाला वैद्यकीय नियतकालिकात जागा मिळते आणि दुसऱ्याला घरात टोमणे.

आता ज्या रुग्णाच्या बाबतीत चाहत्यांचं निदान मला खरोखर साहित्यविचाराच्या पातळीचं वाटतं, तो म्हणजे जो याबुकी. ‘आशिता नो जो’ ही मुष्टियोद्ध्याची चित्रकथा १९६८ ते १९७३ या काळात ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात आली. कथा इक्की काजिवारा यांची, टोपणनावाने लिहिलेली, आणि चित्रं तेत्सुया चिबा यांची. तोक्योतल्या गरीब वस्तीतला एक अनाथ, उद्दाम पोरगा आणि त्याला मुष्टियुद्ध शिकवणारा एक डोळा गमावलेला दारुडा गुरू. त्या काळच्या विद्यार्थी आंदोलनांत, कारखान्यांत, सगळीकडे ही कथा वाचली जात होती. तिचं वेड किती, तर जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी कथेत मेला तेव्हा २४ मार्च १९७० रोजी प्रकाशनसंस्थेच्या इमारतीत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. कवी-नाटककार शूजी तेरायामा यांनी तो घडवून आणला होता आणि सुमारे सातशे माणसं आली होती.

रिकिइशीच्या मरणाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. चिबांनी त्याला सुरुवातीला जोपेक्षा बराच थोराड काढला होता. पुढे दोघांची लढत लावायची ठरली, तर वजनी गट जुळेना. मग रिकिइशीला वजन उतरवायला लावलं. तो पाण्याच्या थेंबासाठी तडफडतो, हाडं वर येतात, गट जुळतो, लढत होते, तो जिंकतो आणि मरतो. चित्रकाराच्या एका हिशेबचुकीतून उपासमार आली आणि उपासमारीतून मरण. त्या सातशे माणसांना कोणी सांगितलं असतं की हे सगळं मापाच्या गोंधळातून झालं, तर ती परत गेली असती का? मला नाही वाटत. खेळाडूंनी वजनासाठी स्वतःला असं वाळवणं ही खऱ्या जगातली गोष्ट होती आणि आहे. कथा तिथे कशी पोचली याने काही बिघडत नाही.

खरी गूढ व्याधी त्यानंतर सुरू होते, आणि ती नायकाची. जो ठोसे खातो, वर्षानुवर्षं खातो. कथेत एक वेळ अशी येते की शर्टाची बटणं लावताना त्याची बोटं चुकू लागतात. त्याचा मित्र कार्लोस रिव्हेरा, एके काळचा चपळ, नाचरा मुष्टियोद्धा, आधीच त्या अवस्थेत पोचलेला वाचकाने पाहिला आहे. त्यामुळे ते बटण दिसताच वाचकाच्या पोटात गोळा येतो. जो स्वतः काही बोलत नाही. बोलला तर लढता येणार नाही. म्हणजे इथे आजार लपवतो तो रुग्ण, आणि वाचकाला डॉक्टर व्हावंच लागतं, कारण खोलीत दुसरं कोणी बघणारं नाही. हे कथेनेच वाचकाला दिलेलं काम आहे. ठोशांनी बधिर झालेल्या मुष्टियोद्ध्यांचं वर्णन अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंडने १९२८ सालीच केलं होतं, आणि जोच्या कथेत या अवस्थेचं नाव घेतलंही जातं. तरी तिचा पुरता आवाका जगाला कळायला पुढची कित्येक दशकं लागली. अमेरिकी फुटबॉलपटू माइक वेब्स्टरच्या मेंदूची तपासणी करून बेनेट ओमालू यांनी निष्कर्ष छापले ते २००५ साली. चिबांची पेन्सिल शवविच्छेदनाची वाट पाहत थांबली नव्हती.

शेवटी जगज्जेत्या होसे मेंडोझाशी पंधरा फेऱ्या. जो गुणांवर हरतो, आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो, मान खाली, ओठांवर हसू, आणि रेखाटन पांढरं होत जातं. तो मेला की थकून बसला? पन्नास वर्षं झाली, वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, मेंदूतला रक्तस्राव, बसल्याजागी मृत्यू. दुसरा पक्ष आधीच्या पानांवरच्या त्याच्या बोलण्याकडे बोट दाखवतो, तिसरा मान किती अंशांत कलली आहे ते मोजतो. चिबांनी काजिवारांचा मूळ शेवट बाजूला ठेवून हे पान काढलं होतं, म्हणजे लेखकाला विचारून सोडवावं असं हे कोडंच नाही. लेखकाचं उत्तर वेगळं होतं आणि ते पानावर आलंच नाही. पानावर नाही ते नाही.

इथून लेखकाच्या अधिकाराचा मुद्दा आपसूक निघतो. तितो कुबोंच्या ‘ब्लीच’मध्ये (२००१-२०१६) उकिताके नावाचा पांढऱ्या केसांचा, खोकणारा, मायाळू सेनानी आहे. चाहत्यांनी त्याला केव्हाच क्षयाचा रुग्ण ठरवून टाकलं होतं. शेवटच्या पर्वात कुबो सांगतात की तिसऱ्या वर्षीच तो फुफ्फुसांच्या आजाराने मरायचा होता, आईबापांनी त्याला एका दैवताच्या पायावर घातलं आणि त्या दैवताने त्याची फुफ्फुसं धरून ठेवली म्हणून तो जगला. बरेच जण हिरमुसले, की आपण इतकी वर्षं क्षकिरण काढत बसलो आणि यांनी देव आणला! पण नीट पाहा. कुबोंनी सांगितलं ते तो इतकी वर्षं जगला कसा, एवढंच. फुफ्फुसांना झालं काय होतं, हा प्रश्न तसाच उघडा आहे. लेखक आपल्याला वाटतं तितकं उत्तर देत नाही, आणि दिलेलं उत्तर बहुधा विचारलेल्या प्रश्नाचं नसतं.

उलट नाव सांगून टाकल्याने काय होतं ते आपण ‘आनंद’मध्ये पाहिलं आहे. हृषीकेश मुखर्जींच्या १९७१च्या या चित्रपटात राजेश खन्नाच्या आजाराचं भलंमोठं वैद्यकीय नाव पहिल्या काही मिनिटांत कानावर पडतं आणि तिथेच प्रकरण मिटतं. आतड्याचा कर्करोग झालेला माणूस मुंबईभर असा उड्या मारत कसा फिरेल, हे कोणी विचारलं नाही. नाव मिळालं, कुतूहल संपलं, रुमाल काढायला प्रेक्षक मोकळे. चाहत्यांना नाव हवं असतं असं म्हणतात, पण माझा अंदाज उलटा आहे. नाव मिळालं की त्यांचं काम सुटतं.

हक्क पुरता आहे याचा अर्थ सगळी निदानं सारखीच असा मात्र नाही. हायाओ मियाझाकींच्या ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८) या चित्रपटात सात्सुकी आणि मेई या मुलींची आई इस्पितळात आहे. कशाने, ते चित्रपट सांगत नाही. काळ १९५०च्या दशकातला, इस्पितळ गावाबाहेर टेकडीवर, लांबलेला मुक्काम, हवापालटासाठी घरच खेड्यात हलवलेलं, यावरून प्रेक्षकांनी क्षय म्हटलं. मियाझाकींची आई मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं आजारी होती हे ठाऊक असलेल्यांना तर शंका उरली नाही. हे चांगलं निदान. दुसरीकडे एक अफवा पसरली, की त्या दोघी मुली मेलेल्याच आहेत आणि तोतोरो हा मृत्युदेव. पुरावा काय, तर शेवटच्या भागात मुलींच्या सावल्या दिसत नाहीत. स्टुडिओ जिबलीला खुलासा करावा लागला की चित्रणात गरज वाटली नाही म्हणून सावल्या काढल्या नव्हत्या, बाकी काही नाही. पहिलं निदान पडद्यावर जे आहे ते एकमेकांशी जोडतं. दुसरं जे नाही त्यावर इमले रचतं. वाईट वाचन ते वाईट वाचन, मग ते आजाराचं असो की अभंगाचं.

इंटरनेटवर एकेक पान टाकून चालवलेल्या चित्रकथांनी या खेळाला एक नवी धार आणली. मिना सुंडबर्ग या फिनिश-स्वीडिश चित्रकर्तीची ‘स्टँड स्टिल, स्टे सायलेंट’ २०१३च्या नोव्हेंबरात सुरू झाली. अंगावर पुरळ उठण्यापासून सुरू होणाऱ्या एका रोगाने जग संपवलं आहे. आइसलँडने वेळीच सीमा बंद केल्या म्हणून तो वाचला आहे. नव्वद वर्षांनी एक छोटं पथक जुनी पुस्तकं मिळवायला ओसाड डेन्मार्कमध्ये शिरतं. पथकातली तूरी ही हसरी, बडबडी मुलगी, पण तिला रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. ती एका हल्ल्यात जखमी होते आणि मग लागण झाली की नाही हे कळायला थांबण्यावाचून इलाज नसतो. पथक थांबतं, तसे वाचकही थांबतात. एका पानावर ती खाज आल्यासारखी बाही ओढताना दिसते का, हसणं ओढूनताणून आहे का, हे वाचक तिच्या सोबत्यांइतक्याच धास्तीने न्याहाळतात. शेवटी लागण झालेलीच असते आणि तूरी जाते. अख्खं पुस्तक हातात असतं तर हेच वीस मिनिटांत वाचून झालं असतं. पान येईपर्यंतचा जो रिकामा काळ, त्यातच हा आजार वाढला. चाहत्यांचे तर्क म्हणजे त्या काळाची करमणूक नव्हे. आजारी माणसाच्या घरात अहवाल येईपर्यंत जे चालतं, त्याच्या ते फार जवळचं आहे.

आता उंबरठ्याकडे येतो. कल्पित रुग्णावर वाचकाचा पुरता हक्क का? कारण त्याच्याकडे पानावर आहे त्यापलीकडे काहीच नाही. त्याला लपवायला खोली नाही, सांभाळायला घरचे नाहीत, आपल्या चुकीच्या निदानाने दुखावणारं असं आत कोणी नाही. जे आहे ते सगळं तुमच्यासमोर मांडलेलं, आणि मांडलेलं आहे तेच पाहिलं जावं म्हणून. जिवंत माणसाच्या बाबतीत यातलं एकही वाक्य खरं नसतं.

पण सवय कशी लागते पाहा. चॅडविक बोझमन, ‘ब्लॅक पँथर’चा नायक. २०२०च्या एप्रिलमधल्या एका चित्रफितीत तो फार खंगलेला दिसला. लागलीच तर्क सुरू झाले: नवी भूमिका, व्यसन, आणखी काय काय. थट्टाही झाली. ऑगस्टमध्ये तो गेला तेव्हा कळलं की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान २०१६ मध्येच झालं होतं. शस्त्रक्रिया आणि औषधोपचार सांभाळत तो चित्रपट करत राहिला होता. २०२४च्या सुरुवातीला ब्रिटनची राजकुमारी केट शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे दिसली नाही, तर लोकांनी तिचा एक कौटुंबिक फोटो चौकट उलगडावा तसा उलगडला. बाही इथे जुळत नाही, बोटं तिथे पुसट आहेत. फोटोत फेरफार होते हे निघालंही. मार्चमध्ये तिला कर्करोग असल्याचं स्वतः सांगावं लागलं. इताचीच्या डोळ्यांखालच्या रेघा मोजणारी नजर आणि ही नजर यांत कौशल्याचा काहीच फरक नाही. म्हणूनच ती धोक्याची.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: मोठ्या पदावरच्या माणसाची तब्येत लोकांनी विचारू नये का? विचारावी. १९१९ साली अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि तो किती गंभीर आहे हे देशापासून लपवून कारभार हाकला गेला. तिथे नागरिकांना कळायलाच हवं होतं. पण तो हक्क सत्तेच्या हिशेबातून येतो, प्रेमातून नाही. चाहता नेमका प्रेमाच्या नावाने दार ठोठावतो आणि त्याला वाटतं, काळजीने विचारलं तर काय बिघडलं?

काय बिघडतं याचं उत्तर जपाननेच सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. तोकुतोमी रोका यांची ‘होतोतोगिसु’ ही कादंबरी १८९८-९९ मध्ये वर्तमानपत्रातून क्रमशः आली. शिकीने नाव घेतलं तेच हे रक्त ओकणारं पाखरू. नायिका नामिकोला क्षय होतो, सासरचे काडीमोड घेतात, माहेरी सावत्र आई छळते, ती मरते. जपान ढसाढसा रडला. ही नामिको म्हणजे सेनापती ओयामा इवाओंची मुलगी नोबुको, हे सर्वांना ठाऊक झालं होतं. नोबुको खरोखरच क्षयाने, काडीमोडीनंतर, १८९६ साली विशीतच गेली होती. मग वाचकांनी उरलेलं चित्रही रंगवून टाकलं: म्हणजे ती दुष्ट सावत्र आई ओयामा सुतेमात्सु. प्रत्यक्षात सुतेमात्सु अकराव्या वर्षी सरकारने शिकायला अमेरिकेत पाठवलेली, तिथल्या महाविद्यालयाची पदवी मिळवणारी पहिली जपानी स्त्री, परतण्याआधी परिचारिकेचं शिक्षणही घेतलेली. सावत्र मुलीची शुश्रूषा तिनेच केली होती. संसर्ग कळत असल्याने तिने जी काळजी घेतली असेल, ती कादंबरीच्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला मुलीला वेगळं टाकल्यासारखीच दिसणार. तिने खुलासे केले नाहीत. निनावी पत्रं आणि कुजबुज सहन करत ती जगली. रोकांनी जाहीर माफी मागितली ती १९१९ साली, ज्या वर्षी ती गेली त्या वर्षी. तोवर कादंबरीची नाटकं झाली होती, मूकपट निघाले होते, आणि प्रत्येकात ती सावत्र आई होती.